रोवण्याच्या दिवसांतली उसनवारी

आमच्या घरात ही गोष्ट मी सांगायला लागलो, की बायको हातातलं काम टाकून येऊन बसते. कौतुकानं नव्हे. मी माझा भाग वाढवतो आणि तिचा कापतो, असा तिचा जुना संशय आहे. सध्या ती आठवडाभर माहेरी गेली आहे, म्हणून कागदावर उतरवून घेतो. तिचा भाग मात्र कापत नाही. कापला तर मागे उरतो तो लुना ढकलणारा, चिखलानं माखलेला एक कंपाउंडर, आणि त्याच्यावर कोणी गोष्ट रचत नाही.

खरं तर कंपाउंडरही मी नव्हतो. नेमणुकीच्या आदेशात 'औषध निर्माता' असं भारदस्त लिहिलेलं होतं. आयुष्यात मी एकही औषध निर्माण केलं नाही. आलेलं औषध मोजून घ्यायचं, फळीवर लावायचं, ज्याची मुदत आधी संपणार ते पुढं ओढायचं, आणि साठा तळाला लागला की लोकांची तोंडं चुकवत मागच्या दारानं ये-जा करायची, हे माझं काम. यातलं शेवटचं मला सगळ्यात चांगलं जमायचं.

दोन हजार सालानंतरची ती चार-दोन वर्षं असतील. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या पट्ट्यात आमचा सरकारी दवाखाना होता. वर्षाची मागणी आधीच लिहून पाठवायची असे. मागितलेल्यातलं निम्मं येई, आणि न मागितलेलं भरभरून येई. एका वर्षी जंताच्या औषधाच्या इतक्या बाटल्या आल्या, की तालुक्यातल्या जंतांनी आमचा धसका घेतला असेल. सलाइन लावायच्या नळ्या मात्र मी नातेवाइकांच्या लग्नातल्या मानपानासारख्या, कोणाला किती हे ठरवून देत असे.

सगळ्यात जिवावर येणारी वस्तू म्हणजे सापाची लस. लोक तिला 'सापाची सुई' म्हणत. आमच्याकडे ती पातळ औषधाच्या छोट्या बाटल्यांत येई, आणि थंड ठेवावी लागे. कालव्याला पाणी सुटलं की रोवणे, म्हणजे भाताची लावणी, सुरू होतात. बाया दिवसभर वाकून बांधीतल्या, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यातल्या, चिखलात धान रोवतात. पाणी बिळात शिरलं की साप धुऱ्यावर येतात. धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि बायांची बसायची जागाही तीच. म्हणजे सापाच्या सुईची खरी मागणी किती लागणार, हे जिल्ह्याच्या कार्यालयाला कळत नसे, कालव्याच्या पाण्याला कळे. पाणी सुटल्याची बातमी आली की गावात लोक पेढे वाटायच्या आनंदात, आणि मी फ्रीज उघडून बाटल्या मोजतोय.

या सगळ्यावर आम्ही फळीवाल्यांनी, म्हणजे आजूबाजूच्या चार दवाखान्यांतल्या औषध निर्मात्यांनी, एक उपाय काढला होता. उसनवारी. शेजारीण जशी साखरेची वाटी घेऊन येते, तशी आमची देवघेव चाले. तुझ्याकडे बाळंतिणीची इंजेक्शनं जास्त आहेत, माझ्याकडे टाके घालायचा धागा आहे, कर अदलाबदल. वर कळवायचं ते सावकाश कळवायचं. आणि ने-आण करायला आमच्याकडे गाडी कुठली? एस.टी. होती. कंडक्टरच्या हाती पुडकं द्यायचं, पलीकडच्यानं स्टँडवर येऊन घ्यायचं. त्या मार्गावर नोकरदारांचे जेवणाचे डबेही तसेच जात. मास्तरांचे, ग्रामसेवकाचे, माझाही. मी दवाखान्याच्या गावात राहत नसे. तिथल्या क्वार्टरचं छत गळून गळून पडायच्या बेतात होतं. दोन थांबे अलीकडच्या मोठ्या गावात भाड्यानं राहायचो. रोज दुपारच्या आधी बायको थांब्यावर येऊन माझा डबा कंडक्टरकडे देई, आणि जंगलाकडून, केशोरीहून येणारी ती बस डबा मला पोचवी.

त्या वर्षी रोवणे ऐन भरात असताना जंगलाकडच्या दवाखान्यातून फोन आला. तिथला औषध निर्माता मूळचा गोंदिया शहरातला, हिंदीत बोलणारा, आणि माझा चांगला दोस्त.

"भाईसाब, एक छोकरा है, साँप काटा है. मेरे पास दो ही बचे हैं. आपके पास जितने हैं, भेजो."

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकारी, नागपूरकडच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. त्या म्हणाल्या, "पाठवा भाऊ. त्याला आज लागते आहे, आपल्याला अजून नाही."

लसीचे सरकारी थंड डबे त्या दिवशी पोरांच्या लसीकरणाला गेले होते. मी माझा जेवणाचा डबा धुतला. तीन कप्प्यांचा, जाड स्टीलचा, बायकोच्या आंदणातला. खालच्या कप्प्यात बर्फ, वरच्या दोनांत कापसात गुंडाळलेल्या दहा बाटल्या. कडी लावली, वरून ओलं फडकं बांधलं आणि बसमध्ये दिला. तो पोरगा वाचला, हे दोस्तानं दुसऱ्या दिवशी कळवलं. डबा काही लगेच आला नाही.

घरी त्यावरून रोज चौकशी. "माझ्या बाबाचं नाव आहे त्या डब्यावर. कोणाच्या घरी देऊन आले?" आमच्याकडे भांड्यावर नाव कोरून घेतात, आणि सासरेबुवांचं नाव चांगलं ठसठशीत होतं. मी म्हणायचो, येईल, कामात आहे. "डबा कायच्या कामात असते?" असं म्हणून तिनं मला पोराच्या शाळेचा प्लॅस्टिकचा डबा द्यायला सुरुवात केली. निळा, वर मोटारगाडीचं चित्र. आठवडाभर मी त्यात जेवलो. सिस्टर रोज विचारायच्या, "सर, शाळा कधी सुटते?"

मग एका सकाळी दोस्ताचा फोन. त्याच्याकडे जिल्ह्याचा माल आला होता. "आपके दस के दस वापस भेज रहा हूँ, आपकेच डब्बे में. दोपहर की गाडी से." मी निःश्वास सोडला. आमच्या फ्रीजमध्ये तेव्हा एकही बाटली नव्हती. मधल्या दिवसांत दोन रुग्ण येऊन गेले होते आणि उरलेलं सगळं त्यांना गेलं होतं. जिल्ह्याचा आमचा वाटा 'निघतो आहे' असं मला सांगितलं जात होतं. तो निघून कुठं जात होता, देव जाणे.

बस यायला अजून वेळ होता, आणि फाटकातून मोटारसायकल आत आली. पुढं शेताचा मालक, मागं एक म्हातारी, आणि दोघांच्या मध्ये आवळून बसवलेली एक तरुण बाई. तिची मान म्हातारीच्या हातावर लोंबत होती. पायाला घोट्याच्या वर साडीचा काठ फाडून करकचून बांधलेला, पाय सुजलेला, अंगावर बांधीचा ओला चिखल.

"नाग होता जी," मालक म्हणाला. "धुऱ्यावर बसून पऱ्ह्याची जुडी सोडत होती. मी माह्या डोळ्यानं पायला."

मॅडम धावत आल्या. त्यांनी तिला डोळे उघडायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावरून वर जाईनात. काही तरी बोलायचा प्रयत्न करत होती, पण जीभ जड झालेली, आणि लाळ हनुवटीवर. मॅडमनी पायाची गाठ सावकाश सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लस. दहा."

मी म्हणालो, "बसमध्ये आहे."

त्यांनी मग माझ्याकडे बघितलं.

"येतेच आहे मॅडम, निघाली आहे गाडी." हे मी अशा आवाजात म्हणालो, जणू पाहुणे वाटेत आहेत आणि चहा टाकायला हरकत नाही.

म्हातारी ऐकत होती. ती सासू होती. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करायला गेलेला. ती उठून माझ्यासमोर आली. "सुई नाही?"

"येऊन राहिली आहे, माय."

"गाव म्हणे बाबाकडं नेऊ, झाडून घेऊ. मी भांडून इकडं आणली. साऱ्या गावासंग भांडली." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आन तुमच्यापाशी सुई नाही?"

"होती जी. दुसऱ्या दवाखान्यात एका पोराला लागत होती, म्हणून दिली."

"काऊन देल्ली?"

का दिली, याचं उत्तर माझ्याकडे सकाळपर्यंत होतं.

दुसरी एक सुई होती आमच्याकडे, नागाच्या विषानं ढिले पडलेले स्नायू थोडा वेळ तरी हलते ठेवणारी. ती मॅडमनी दिली. सिस्टरनी तोंडावर लावायचा रबरी फुगा काढून उशाशी ठेवला. श्वास थांबू लागला तर दाबून हवा द्यायची, म्हणून. अँब्युलन्स एका अडलेल्या बाईला घेऊन गोंदियाला गेलेली. म्हणजे आता जे काय होतं ते त्या बसमध्ये होतं.

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बसची वाट मी जन्मभर पाहिली आहे. आमच्याकडे तो एक व्यवसायच आहे. पण तशी वाट कधी पाहिली नव्हती. एक ट्रॅक्टर गेला. एक सायकलवाला "काय कंपोंडर, पाहुणे येऊन राहिले का?" म्हणून हसत गेला. आतून सिस्टरचा आवाज आला, "मॅडम, श्वास उथळ होतो आहे." आणि तेवढ्यात वळणावर बसचा टप दिसला.

कंडक्टरनं नेहमीप्रमाणे दार उघडायच्या आधीच हात बाहेर काढला होता. त्या हातात निळा प्लॅस्टिकचा डबा. मोटारगाडीचं चित्र माझ्याकडे बघून हसत होतं.

मी तो घेतला आणि दुसऱ्या हातासाठी थांबलो. दुसरा हात आला नाही. माझ्या मागून मॅडम व्हरांड्यातून पळत आल्या होत्या. त्यांनी डबा माझ्याकडून ओढून घेतला आणि झाकण उघडलं. भात, आणि त्यावर तरोट्याची भाजी.

त्या भाजीकडे बघत होत्या. मी बसकडे. बस हलली होती. मी पळत जाऊन पत्र्यावर थापा मारल्या. "थांबव! अरे, थांबव ना!"

कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं जी?"

"दुसरा डबा? स्टीलचा? जंगलाकडून दिलेला?"

"तो? तो त वयनीनं उतरवून घेतला."

"कोणत्या वयनीनं?"

"तुमच्याच! हा निळा डबा द्याले आल्या, आन तो माह्या सीटपाशी दिसला. म्हणे, हा माझा डबा होय. मी म्हटलं, दवाखान्यात द्याचा आहे. त बापाचं नाव दाखवलं न मले त्याच्यावर! साहेबाचा डबा साहेबाच्या घरी गेला. मी कायले अडवू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. दोस्तानं डबा परत करताना त्यात माल भरून पाठवला, जशी कोणीही भल्या घरची बाई शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाही, तसा. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि आत ती बाई श्वास घेता घेता थकत होती.

दवाखान्यात फोन होता. आमच्या घरी नव्हता. पण घरासमोरच, थांब्याजवळच्या किराणा दुकानात नाणं टाकायचा लाल फोन होता. मी नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. कोण मेला भरदुपारी गप्पा मारतोय, म्हणून मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परत एंगेज. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, फोन सोडा. जा."

मी लुना काढली.

डांबरी रस्त्यानं घर लांब पडे. कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या भरावावरून, जवळ. शहाणा माणूस पावसाळ्यात पाळीवरून जात नाही, पण शहाणा माणूस लसीच्या बाटल्या बायकोच्या आंदणातल्या डब्यात तरी कुठं भरतो. मी पाळीवर चढलो. डाव्या हाताला तुडुंब भरलेला कालवा, उजव्या हाताला बांध्या, आणि त्यांत वाकून रोवणाऱ्या बाया. अर्ध्या वाटेवर लुनाचं मागचं चाक आपल्या मर्जीनं एका बाजूला निघालं, आणि मी उजवीकडच्या बांधीत जाऊन बसलो. बसलोच. नीट मांडी घालून. बाया रोवणं थांबवून बघायला लागल्या.

एक म्हणाली, "काय गा भाऊ, रोवाले आले का?"

दुसरी म्हणाली, "चप्पल घालून रोवते का कोणी?"

त्यांतल्या दोघींनी लुना उचलून पाळीवर ठेवून दिली. मी चिखलातून उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मला धुरा दिसला. म्हणजे तसा रोज दिसायचा, पण त्या दिवशी त्यावर बायांच्या शिदोऱ्या, पाण्याची भांडी, एका झोपलेल्या लेकराची चिंधी असं सगळं ओळीनं मांडलेलं दिसलं. मी लुना ढकलत पळालो. ती ढकलतानाच सुरू व्हायची, हे तिचं एक चांगलं होतं.

घराला कुलूप होतं.

मी कुलूप हलवून पाहिलं, जणू ते आतून बायकोला हाक मारील. शेजारीण ओसरीवर तांदूळ निवडत होती. माझा अवतार बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"त्या त गेल्या जी मघाच."

"कुठं?"

"काय माहीत. डबा घेऊन पयत गेल्या."

डबा घेऊन पळत. पण कुठं? डबा घेऊन ती त्याच्या जुन्या मालकाकडे, म्हणजे बापाकडे, तक्रार करायला तर निघाली नसेल ना? हसू नका, त्या क्षणी मला हेही सुचलं. डब्यातलं पाणी आणि बाटल्या काढून तिनं ओसरीखाली ओतल्या असतील, म्हणून मी गटारात वाकून बघितलं. तिथं भांडी घासल्याची राख होती. किराणा दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, "वयनी तुमच्या दवाखान्यालेच फोन लावून राहिल्या होत्या. लय वेळा लावला. एंगेज, एंगेज. मंग गाडी धरून तिकडंच गेल्या."

मी तिला लावत होतो आणि ती मला. संसारात हे पुष्कळदा झालं आहे, पण एवढ्या महाग वेळेला नाही.

आता जे मी लिहितो आहे ते तिच्या तोंडचं. तिनं डबा घरी नेला. एवढा जड का, म्हणून उघडला. बर्फ वितळून पाणी झालेलं, कापूस, आणि कापसात बाटल्या. बाटलीवर इंग्रजीत बारीक काही तरी लिहिलेलं आणि नागाचं चित्र. "चित्र पायलं आन मले समजलं, हे सापाचं आहे," असं ती सांगते. रात्री झोपेत मी कालव्याचं पाणी, साप, बाटल्या असं काही बडबडायचो, त्यावरून बाकीचं तिनं जुळवलं. फोन लागेना तेव्हा ती रस्त्यात उभी राहिली. पहिली गाडी आली ती ब्रॉयलर कोंबड्यांची. गाडी चालवणाऱ्या पोरानं थांबवायला ब्रेक दाबले तेव्हा मागं सगळ्या कोंबड्या एकदम ओरडल्या. त्याच्या शेजारच्या सीटवर, डबा मांडीत धरून, ती दवाखान्याकडे निघाली. डांबरी रस्त्यानं. मी पाळीवर होतो तेव्हा.

परत मी डांबरी रस्त्यानं आलो. ती कोणत्या दिशेला गेली ते माहीत होतं, पोचली का ते नव्हतं. वाटेत गाडी बंद पडली असेल, फाटक चुकलं असेल, पडली असेल, बाटल्या फुटल्या असतील. लुना जेवढी पळू शकते तेवढीच पळत होती, आणि मी तिच्यावर पुढं वाकून बसलो होतो, जणू त्यानं वेग वाढतो.

वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बायको बसली होती. केसांत एक पांढरं पीस. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठं गेले होते तुम्ही?" ती म्हणाली.

आत सलाइन सुरू होतं. मॅडमनी बाटल्या त्यात मिसळल्या होत्या. खाटेवरची बाई आता हालत नव्हती. सिस्टर फुगा दाबत होत्या, आणि त्या दाबतील तेवढीच तिची छाती वर येत होती. सासू पायाशी उभी. मला वाटलं होतं, लस आली की झालं. लस म्हणजे काही दिव्याचं बटण नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी बघताना ते माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही.

थोड्या वेळानं तिच्या अंगावर गांधी उठल्या आणि अंग थरथरायला लागलं. लसीनंही असं होतं, आणि त्यावरची सुई वेगळी असते. मॅडमनी सलाइन थांबवलं. "ती सुई भरलेली आहे ना?"

"भरलेली आहे." ती सिस्टरनी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती. मॅडमनी ती दिली आणि मनगट धरून उभ्या राहिल्या. सासू पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काय झालं? आता कोणती नाही तुमच्यापाशी?"

"आता सगळी आहे, माय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. थरथर कमी झाली. त्यांनी सलाइन परत सुरू केलं, आधीपेक्षा हळू.

सिस्टरचे हात भरून आले तेव्हा मी फुगा घेतला. चिखल वाळून माझ्या कोपरांवरून पापुद्रे पडत होते, म्हणून सिस्टरनी मला आधी हात धुऊन यायला लावलं, शाळेतल्या पोराला लावतात तसं. मी दाबत राहिलो. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. बायको दारात येऊन उभी राहिली, मग आत आली, आणि तिनं काही न विचारता सासूच्या हाताला धरून तिला खाली बसवलं. त्या दोघी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर बायको म्हणाली, "काही नाही. कोणत्या गावची ते विचारलं."

मग एकदा मी फुगा दाबायच्या आधीच छाती वर आली.

मला वाटलं, मला भास झाला. मी थांबलो. परत आली. छोटी, अडखळती, पण तिची.

"मॅडम."

"बघते आहे. तुम्ही तिच्या श्वासाबरोबर दाबा, तिच्या आधी नको."

त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मॅडम मधूनमधून वाकून म्हणत, "डोळे उघड बरं. बघ माझ्याकडे." आणि एकदा पापण्या वर गेल्या. पूर्ण नाही. जशी दुकानाची शटर अर्ध्यावर अडकते तशा, पण वर. मॅडमनी मला फुगा बाजूला घ्यायला सांगितलं. बाईची नजर फिरत फिरत सासूवर येऊन थांबली. सासू उठून जवळ आली आणि तोंडाजवळ कान नेला, कारण सून काही तरी बोलत होती, ओठ जड, शब्द लटपटत.

"काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

सासू सरळ झाली. "म्हणते, पऱ्हे धुऱ्यावर पडून आहेत. वाळतील."

रोवायला उपटलेली रोपं ती. तिच्या हातून सुटलेली जुडी.

"वाळू दे व," सासू तिला म्हणाली. "वाळू दे साऱ्या गावाचे." आणि तिथंच, खाटेच्या कडेला हात टेकवून, ती इतक्या मोठ्यानं रडली, की बाहेर मोटारसायकलजवळ थांबलेला शेताचा मालक टोपी काढून आत पळत आला. त्याला वाटलं, गेली. मॅडमनी त्याला हातानं थोपवलं आणि मान हलवली. त्यानं टोपी परत डोक्यावर घातली.

संध्याकाळी अँब्युलन्स परत आली तेव्हा तिला गोंदियाला पाठवलं. पुढचे एक-दोन दिवस तिथं मोठ्या दवाखान्यात देखरेखीखाली असणं बरं, असं मॅडम म्हणाल्या. सासू तिच्याबरोबर गेली. चढताना तिनं मला हाक मारली. मला वाटलं, आशीर्वाद वगैरे.

"कंपोंडर भाऊ," ती म्हणाली, "त्या पोराचं काय झालं? ज्याले देल्ली होती?"

"वाचला, माय."

तिनं यावर जरा विचार केला. "बरं," म्हणाली, आणि आत बसली.

अँब्युलन्स गेली. बायको आणि मी व्हरांड्यात उभे होतो, आणि पलीकडच्या बांध्यांतून रोवणाऱ्या बाया घरी निघाल्या होत्या, डोक्यावर शिदोऱ्यांची रिकामी भांडी. फ्रीज परत रिकामा होता. उद्या त्याच बाया त्याच धुऱ्यावर बसणार होत्या. मी आत जाऊन जिल्ह्याचा नंबर फिरवला. बराच वेळ कोणी उचलला नाही. मी ठेवला आणि परत फिरवला.